छत्रीतलं ऊन

दादा, परवा तुझ्या शोकसभेत जो उठला तो तुझ्या नजरेबद्दलच बोलला.

"भाऊची नजर म्हणजे नजर!" शाळेचे मास्तर म्हणाले. "माणूस खुर्चीवर बसला रे बसला, की त्याला उजेड कुठून द्यायचा ते भाऊला दिसायचं." मग लोखंडाच्या दुकानाचे शेठजी उठले, त्यांनीही नजरेचाच विषय काढला. मी सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसलो होतो. पुलगावातली निम्मी माणसं कधी ना कधी आपल्या स्टुडिओच्या खुर्चीवर बसलेली, आणि आपल्या नाचणगावातली तर बहुतेक सगळीच. शेवटी मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, हात जोडले, "दादानं मले शिकवलं, मोठं केलं," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं गळा दाटून आला. गळा काही दाटला नव्हता. कोणीतरी तोंडावर हात दाबून धरावा तसं झालं होतं.

गेली आठ वर्षं तुला दिसत नव्हतं. त्या सभेत हे मला एकट्यालाच माहीत होतं. माय होती तोवर तिला माहीत होतं, तीही गेली. लोक ज्या फोटोंची आठवण काढून हळहळत होते, त्यातले कितीतरी या आठ वर्षांतले. त्या वेळी कॅमेऱ्याच्या काचेला लागलेला डोळा माझा होता. उजेड मात्र तुझा होता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम सांगितल्याशिवाय एकही खरं वाटत नाही.

त्या खोलीची आठवण आली की मला अजून घाम फुटतो. पुलगाव स्टेशनच्या रस्त्यावरची आपल्या स्टुडिओची ती दहा बाय चौदाची खोली, वर टिन, चारी बाजूंनी काळे पडदे, खिडकी एकही नाही. बाहेर मे महिना आणि आत हजार-हजार वॅटचे दोन हॅलोजन. पंखा होता, पण लावता यायचा नाही. पंखा लावला की छत्र्या हलायच्या, आणि छत्र्या हलल्या की माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेड हलायचा. दार आतून लावून घ्यायचं, आणि मग जे काय होईल ते त्या भट्टीत.

छत्र्यांची कल्पना तुझीच. नागपूरच्या कोणत्याशा स्टुडिओत तू पाहून आलास, की दिव्याचं तोंड माणसाकडे करायचंच नाही, उघड्या छत्रीच्या पोटात करायचं. छत्रीवर आपटून उजेड परत फिरतो तो पसरून येतो, मऊ होऊन येतो. परत आल्यावर तू बाजारातल्या छत्री दुरुस्तीवाल्याला गाठलंस. लांब दांड्याच्या दोन छत्र्या घेतल्या. एकीचं काळं कापड उसवून पांढरं मांजरपाट शिवून घेतलं. दुसरीला आतून चहाच्या पेटीतला चंदेरी कागद खळीनं चिकटवलास. पांढरी उजवीकडे, जवळ. चंदेरी डावीकडे, लांब. फोटो काढायला आलेली माणसं आधी छत्र्यांकडेच पाहत राहायची. गिरडकडची एक म्हातारी तर खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती.

"काऊन रे बाप्पा, घरात छत्र्या उघडून बसला? टिन गळते का तुयं?"

"गळते ना आजी," तू म्हणालास. "ऊन गळते."

म्हातारी बोळकं उघडून हसली आणि तू तिथंच फोटो घेतलास. तेव्हा तुला दिसत होतं.

मी बी.एस्सी. आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि मला वर्धेच्या कॉलेजात पाठवणारा तू, सातवी पास. मला आष्टीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. मधला उन्हाळा रिकामा, म्हणून तुझ्या कामाला हात लावायला स्टुडिओत आलो.

आल्या आल्या डार्करूममध्ये माझ्या लक्षात आलं, की निगेटिव्हमध्ये माणसाच्या कानावरचा केस न् केस स्पष्ट असतो आणि डोळे मात्र धुरात. मी तुला विचारलं. "भिंगाले बुरशी लागली," तू म्हणालास. मी भिंग काढून पाहिलं. बुरशी नव्हती. माझा विज्ञानाचा अभ्यास झालेला. मी पुन्हा विचारलं नाही, पण लक्ष ठेवून राहिलो. मग एका दुपारी एक मुलगी आली, लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला, सोबत तिची काकू. मुलगी खुर्चीवर बसली, मग टिकली वाकडी वाटली म्हणून हळूच उठून आरशाकडे गेली. तू कॅमेऱ्यापाशी उभा होतास. रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणालास, "बाई, हनुवटी जराशी खाली. हां. आता हलू नको."

काकू खळखळून हसली. "भाऊ मोठे मजाकी हायेत!" तूही हसलास. मी चंदेरी छत्री धरून बाजूला उभा होतो, आणि तुझं तोंड अजून रिकाम्या खुर्चीकडेच होतं ते मलाच दिसलं.

वर्धेच्या डॉक्टरानं काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यानं डोळ्याची मागची नसच वाळवली होती. गेली ती नजर गेली, आणि उरलेल्या धुक्याचाही भरवसा नव्हता. एसटी स्टँडच्या बाकावर बसून तू डॉक्टरांचा कागद फाडलास, बारीक बारीक.

"कोणाले सांगजो नको वसंता. लग्नाच्या पोरीचा फोटो आंधळ्याच्या हातून कोण काढून घेईन?"

"मंग मी काय करू?"

"तू पाह्य. बाकीचं मी करतो."

दिवाळीपर्यंत, मी म्हणालो. आष्टीला तसं कळवलं. त्यांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. कोणत्या दिवाळीपर्यंत, हे आपण दोघांनीही पुन्हा कधी काढलं नाही.

मग आपली ती रीत बसली. सकाळी नाचणगावहून सायकलवर मी पुढं, तू कॅरेजवर. लोक म्हणायचे, धाकटा पाहा कसा मोठ्या भावाची सेवा करतो. तू काळा चष्मा लावायचास. लाइटच्या कामानं डोळे दुखतात, असं आपण सांगून ठेवलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं. गिऱ्हाईक बाहेर केस विंचरत असायचं तेव्हा तू आत माझ्या कानाशी येऊन म्हणायचास, "चेहरा सांग." मी सांगायचो: गाल बसलेले, नाक मोठं, डावा डोळा उजव्याहून बारीक, कपाळावर देवीचे व्रण. तू ऐकून घ्यायचास. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की तू त्याच्या गालाच्या वीतभर अलीकडे आपल्या हाताची पाठ धरायचास आणि छत्रीतून येणारी ऊब त्या हातावर घ्यायचास. लोकांना वाटायचं, भाऊ मोजमाप करून राह्यले.

"इकडं ऊन कमी हाये. उजवी छत्री चार बोटं जवळ घे. आता जास्त झालं. तिरपी कर."

छत्रीची जागा ठरली की मी काळ्या कपड्याखाली डोकं घालायचो, काचेवर डोळे साफ दिसेपर्यंत भिंग पुढंमागं करायचो, प्लेट घालायचो आणि माझ्या पायाचा अंगठा तुझ्या पायावर दाबायचो. तू फोटो घ्यायची केबल दाबायचास. आठ वर्षांत एकाही माणसानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं नाही.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे हात धरणं म्हणजे लोकांसाठी केलेलं सोंग आहे. एकदा तुझी परीक्षा घेतली. तू बाहेर पाणी प्यायला गेलास तेव्हा पांढरी छत्री दोन बोटं मागं सरकवली. तू आलास, हात धरलास आणि थांबलास. "कोणं हलवली बे? इकडचं ऊन पातळ झालं." खुर्चीवर बसलेला माणूस पाहतच राहिला. मी मान खाली घातली. बी.एस्सी.ला मी उजेडाचं परावर्तन शिकलो होतो, आकृती काढून मार्कही मिळवले होते. तुझ्या हातानं ते मला पहिल्यांदा समजलं. "चेहऱ्याले ऊन द्याचं असते," तू म्हणायचास, "चटका नाई."

पण दादा, मी तिथं कोंडला गेलो होतो, हेही तितकंच खरं. माझ्याबरोबर शिकलेली मुलं बँकेत लागली, कोणी नागपूरला प्राध्यापक झाला. ती लग्न झाल्यावर जोडीचा फोटो काढायला यायची. "अरे वसंता! तू तं मास्तर होणार होता ना?" मी काळ्या कपड्याखाली शिरायचो. तिथं बरं असतं. आपल्याला सगळं दिसतं आणि आपलं तोंड कोणाला दिसत नाही. बाजारातून जाताना मागून ऐकू यायचं, "बी.एस्सी. झाला अन् छत्री धरून राह्यला." छत्रीवाला, हे नाव तर पुढं चिकटलंच. मला तिथंच ओरडावंसं वाटायचं, की अरे मूर्खांनो, तो फोटो मी काढला! मी कधीच ओरडलो नाही. शपथ तुझी होती, आणि पोट दोघांचं होतं.

मग रंगीत फोटो आले. वर्धेला नवीन स्टुडिओ झाला आणि नवरदेव-नवरीचे लोक एसटीनं तिकडं जायला लागले. आपणही रंगीत रोल आणला आणि हॅलोजनवरच काढला. धुऊन आला तो तू पाहू शकला नाहीस, मी पाहिला. नवरी, नवरदेव, पाठीमागचा पडदा, सगळं पिवळं-तांबडं. मुलीचा बाप फोटो घेऊन आला. "वसंता, माया पोरीले कावीळ झाली का रे?" त्या फिल्मला हॅलोजनचा उजेड चालत नाही, फ्लॅश लागतो, हे मी तुला समजावून सांगितलं. तू ऐकलंस.

"फ्लॅशले ऊन असते का?"

"नाई. एका क्षणात पेटते अन् विझते."

"मंग मी काय धरू हात?"

याच्यावरून आपण सहा महिने भांडलो. तू म्हणालास, काळा-पांढरा फोटो कुठं मेला? मी म्हणालो, मेला. तू म्हणालास, त्या फटाक्यानं चेहरे चपटे येतात. मी म्हणालो, छत्री लावली की नाही येत. शेवटी एका दुपारी, दोन्ही दिवे चालू, दार बंद, अंगातून धारा वाहत होत्या, तेव्हा मी बोलून गेलो, "तुया एका हातासाठी मी जनमभर या भट्टीत बसू का?"

तू चाचपडत बटणापाशी गेलास आणि दोन्ही दिवे बंद केलेस.

"नको बसू," म्हणालास. "आण तुया फ्लॅश."

त्या बोलण्याची माफी मी मागितली नाही. आज मागतो.

नागपूरहून फ्लॅश आला, त्याच्यासोबत तयार पांढऱ्या नायलॉनच्या छत्र्या आल्या. मी सगळं बसवलं आणि तुला आत बोलावलं. तू खुर्चीपाशी आलास, जिथं माणसाचा गाल असतो तिथं हाताची पाठ धरलीस. मी बटण दाबलं. टप्पकन आवाज झाला. तू हात तसाच धरून उभा राहिलास.

"आवाज कायचा झाला? लाव ना."

"लागला दादा. झालं."

"कवा?"

तू हात खाली घेतलास, पायजम्याला पुसलास आणि भिंतीचा अंदाज घेत बाहेर गेलास. त्यानंतर तू आतल्या खोलीत आला नाहीस. बाहेर बाकावर बसायचास, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचास. खोली थंड झाली होती, पंखाही चालायचा. मला तर आनंद व्हायला हवा होता.

आणि मग माधवजींचा तो दिवस. आपल्याच गल्लीतले माधवजी, कपाशीवाले, धाकट्या मुलीला घेऊन आले. "भाऊ, मोठीचा फोटो तुमी काढला अन् पहिल्याच जागी जमलं. लहानीचाही तुमीच काढा. हा छत्रीवाला नाई पाह्यजे मले." मी आतून ऐकत होतो. तू बाकावरून शांतपणे म्हणालास, "मोठीचाही मी नाई काढला, माधवजी. वसंतानं काढला. मले आठ वर्सांपासून दिसत नाई."

मी दारात आलो. माधवजी एकदा तुझ्याकडे पाहत होते, एकदा माझ्याकडे. आणि दादा, मी हसलो.

"कायले ऐकता त्याचं? कालच मायासमोर सुईत दोरा ओवला त्यानं."

माधवजीही हसले. "तरीच म्हटलं बाप्पा!" तू काळा चष्मा लावून समोर रस्त्याकडे तोंड करून बसून राहिलास. मी मुलीला आत नेलं, फोटो काढला. संध्याकाळी सायकलवर, नाचणगावच्या वळणावर, तू मागून एकच शब्द विचारलास, "काऊन?" मी जोरात पायडल मारत राहिलो, जसं काही ऐकूच आलं नाही. तू परत विचारलं नाहीस. पुढं महिनाभरातच तू गेलास.

काऊन, कशासाठी मी खोटं बोललो, ते मला आता समजतं आहे. लोकांच्या लेखी तू पाहणारा होतास तोवर मी अडकलेला होतो. आष्टीला मास्तर झाला असता तो वसंता, भावासाठी इथं राहिला तो वसंता. ज्या क्षणी ते फोटो माझे ठरले असते, त्या क्षणी मी नुसता फोटोग्राफर ठरलो असतो, आपल्या मर्जीनं राहिलेला. कारण मला ते काम आवडत होतं, दादा. कानाशी येऊन तू "चेहरा सांग" म्हणायचास, आणि तुला सांगायचं म्हणून मी माणसाकडे पाहायचो. तसं पाहणं मला कोणत्या कॉलेजात शिकायला मिळालं नसतं. हे कबूल करायची मला लाज वाटली. तू मला बाहेर काढत होतास आणि मी आतून कडी लावली. तुझ्यावरही लावली.

म्हणून काल मी माधवजींकडे गेलो. ते अंगणात बाज विणत होते. मी सरळ सांगितलं: दादा खरं बोलला होता, खोटं मी बोललो. त्यांनी दोरी ओढता ओढता वर पाहिलं.

"तवा खोटं बोलला का आता बोलून राह्यला?"

"आता खरं बोलतो."

"हे पाह्य वसंता. तू शिकला-सवरला माणूस. छत्रीवाला म्हणतात लोक, ते मनाले लागते तुया, समजते मले. पण मेल्या भावाचं नाव खाऊ नये रे. तो नाई म्हणायले येणार हाये का आता?"

मी शपथ घेतली. डॉक्टराचं सांगितलं, कागद फाडल्याचं सांगितलं, पायाच्या अंगठ्याचं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं ते माझं मलाच रचलेलं वाटायला लागलं. माधवजी उठले, घरात गेले आणि मोठ्या मुलीचा फोटो घेऊन आले. माझ्या हातात दिला.

"पाह्य. अन् सांग. आंधळ्याच्या हातचं हाये का हे?"

मी पाहिलं. उजव्या गालावरचा उजेड नाकापाशी येऊन हळूहळू सावलीत मिसळत होता, कुठं तो संपला ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. डोळे अगदी साफ होते.

"हो," मी म्हणालो. "उजेड आंधळ्याच्याच हातचा हाये. डोळा माया हाये."

माधवजींनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आत नेऊन ठेवला. परत येऊन बाजेवर वाकले. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी दारात उभं राहून मी नुसतं "हो" म्हणायला हवं होतं, दादा. तू बाजूलाच बसला होतास.